तसा बरा आहे

माझा डावा कान निम्माच ऐकतो. कुणी बोलायला लागलं की मी आपसूक मान वळवते आणि उजवा कान पुढे करते. नव्या माणसाला वाटतं, बाई फार मन लावून ऐकतात. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा पोरं डाव्या हाताच्या बाकांवर बसायला मारामाऱ्या करायची, कारण तिकडची कुजबुज माझ्यापर्यंत पोचत नसे. हा कान बाळाकाकाने घालवला. बाळाकाका म्हणजे माझ्या बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. मी पंधरा वर्षांची होते, तो कारखान्यातून येऊन झोपला होता आणि माझ्या हातून चहाच्या डब्याचं झाकण खाली पडून वाजलं. तो उठला, आला, एक मारली आणि परत जाऊन झोपला. मी ओट्याला धरून उभी होते. कानात शिटी वाजत होती. आईने डब्याला झाकण लावलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "कायेक नाय झाला. बरा आसा." माझं काही झालेलं नाही, मी बरी आहे, हे मला आईकडून कळलं.

आमचं घर जोगेश्वरीला, गुंफांच्या मागच्या चढणीवर. बैठी चाळ, दोन खोल्या, वर पत्रा. बाहेरच्या खोलीत ओटा, मोरी, बाबा, आई आणि मी. आतल्या खोलीला दार होतं, ती काकाची. बाबांची गिरणी बंद पडल्यापासून घर काकाच्या पगारावर चालत होतं, म्हणून दार त्याचं, पंखा त्याचा, आणि ताटात माशाचा मधला तुकडाही त्याचा. तो अंधेरीला इंडस्ट्रियल एरियात एका शेडमध्ये प्रेसवर होता. पत्र्याच्या डब्यांची झाकणं पाडायचं काम. दिवसभर पायाने पॅडल दाबायचं, हाताने पत्रा सरकवायचा. डाव्या हाताची करंगळी त्या प्रेसने अर्धी खाल्ली होती. पाडलेल्या झाकणांचे तिथे तीन ढीग करत. एक चांगल्यांचा, एक भंगाराचा आणि मधला 'चालतील'चा. मधल्या ढिगातली काका घरी आणायचा. आमच्या घरातल्या एकूण एक डब्याला असलं झाकण होतं. बसल्यासारखं वाटायचं पण बसायचं नाही. साखरेत मुंग्या, पोह्यांत पोरकिडे, आणि कडा अशा धारदार की आईच्या बोटांना कायम चिंध्या. कुणी काही बोललं की काका म्हणायचा, चालतंय ना? मग झालं तर.

त्या घरात 'छान' हा शब्द मी ऐकलेला नाही. आईला दृष्टीची भीती. बाळ गुटगुटीत दिसलं तरी म्हणायचं "बरा आसा", नवं लुगडं अंगावर आलं तरी "ठीक आसा", माझा पहिला नंबर आला तेव्हासुद्धा तिने शेजारणीला "बरी पास झाली" असंच सांगितलं होतं. मीठ बेताचं, हसणं बेताचं, आणि काकाने मारलं तर रडणंही बेताचं, कारण जास्त रडलं की पुन्हा मारायचा. दुखतंय का विचारलं तर "जरा." भूक लागलीय का, तर "जराशी." आम्ही सगळे या शब्दांच्या आडोशाला राहत होतो. मार मात्र जरासा नसायचा. त्याने आईच्या पाठीत पाट घातलेला मी पाहिला आहे. बाबांना, स्वतःच्या थोरल्या भावाला, त्याने मोरीत ढकललं तेव्हा बाबांचा पुढचा दात पडला. बाबांनी तो उचलून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चाळीत सांगितलं की पाय घसरला. सगळ्या चाळीला ठाऊक होतं. भिंती एकाच विटेच्या होत्या. तरी चाळीचं काकाबद्दलचं मत विचाराल तर ते एकच होतं: तसा बरा आहे.

हे आत्ता लिहिते आहे ते बोरिवलीच्या घरात. दहाव्या मजल्यावरून मेट्रो जाताना दिसते. पलीकडच्या खोलीत निखिल, माझा मुलगा, फोनवर ऑफिसातल्या कुणावर तरी ओरडतो आहे. मघाशी भिंतीवर काहीतरी आपटलं. मी पेन खाली ठेवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उचललं. त्याचे वडील जाऊन सहा वर्षं झाली. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे हे कुठून आलं असं अगदी जवळचे लोक विचारतात. मला विचारू नका.

तर, काकाचं लग्न. तिशी उलटली तसं आईने मनावर घेतलं. लग्न झालं की माणूस सुधारतो, असं ती म्हणायची. मनात काय होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. काकाच्या कारखान्यातल्या एकाने बोरिवलीला भाड्याची खोली बघून ठेवली होती आणि लग्नानंतर तिकडे बिऱ्हाड करायचं काकाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. काका जाणार. आतली खोली मोकळी होणार. मला दार मिळणार. मी त्या दाराला आतून कडी लावून वाचत बसले आहे असं चित्र मी रोज झोपताना बघत असे, आणि त्या चित्रात काकाच्या बायकोला कुठेच जागा नव्हती. ती बोरिवलीत असणार, बोरिवली लांब होतं.

आमच्याकडे तेव्हा स्थळाची चौकशी करायची एक रीत होती. अजूनही आहे, फक्त आता फोनवर होते. मुलीकडचं माणूस न सांगता मुलाच्या चाळीत यायचं. घरी जायचं नाही. वाण्याकडे जायचं, नळावर जायचं, पलीकडच्या बिऱ्हाडात पाणी मागायचं आणि विचारायचं, अमक्यांचा मुलगा कसा आहे हो? चाळीची उत्तरं ठरलेली. जुळत असलेलं मोडू नये, मोडणाऱ्याला पाप लागतं, ही पहिली गोष्ट. आणि धडधडीत खोटंही बोलू नये, ही दुसरी. या दोन्हींच्या मध्ये जे शब्द बसतात तेवढेच चौकशीत वापरायचे. मुलगा खरोखर चांगला असला तर लोक 'चांगला' म्हणत आणि लगेच त्याची एखादी गोष्ट सांगत. 'बरा' म्हटलं की गोष्ट नसायची. 'तसा बरा' म्हटलं की बोलणारा खाली बघायचा. 'कमावतो' एवढंच म्हणाला तर समजायचं, पुढे काही विचारू नका. ऐकणाऱ्यांनाही हे सगळं कळत असे. ज्यांच्याकडे दुसरी चार स्थळं होती ते 'तसा बरा' ऐकून पाणी पिऊन निघून जात. ज्यांच्याकडे नव्हती ते त्याच शब्दाला धरून लग्नाची बोलणी करत. आमच्या मालवणीत 'बरो' म्हणजे चांगलाच, असं पुढे मला एका मैत्रिणीने समजूत घालताना सांगितलं. ती पळवाट मी घेत नाही. मी मुंबईत जन्मले, आणि मी काय बोलत होते ते मला पुरतं माहीत होतं.

कान सुजल्यावर चार दिवसांनी मी सकाळी नळावर होते. रांगेत कळशी लावून पायरीवर बसले होते, कानात कापसाचा बोळा. एक बाई चढण चढून आल्या. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी, दम लागलेला. मुलुंडहून आल्या होत्या. आधी वाण्याकडे थांबल्या, मग नळावरच्या दोघींशी बोलल्या. त्या दोघी कळशीत बघून म्हणाल्या, तसा बरा आहे. मग त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मी त्याच घरातली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचार केला असावा की मोठी माणसं झाकून बोलतात, पोर काय झाकणार. पिशवीतून एक काकडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या कानाकडे बघून विचारलं, काय गं झालं? मी म्हटलं, सर्दीने फुटलाय.

"त्या पलीकडच्या घरातले ते प्रेसवाले, माहितीयत तुला? कसे आहेत?"

"बरे आहेत."

"रागीट आहेत का गं? खरं सांग. माझी एकच पोर आहे. तिला बाप नाही."

"जरा."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हात उचलतात का?"

काकडी माझ्या हातात होती. कानातली शिटी चालू होती. मला आतल्या खोलीचं दार दिसत होतं, आतून कडी लावलेलं. मी म्हटलं, "कधीतरी. पण तसे बरे आहेत."

बाईंनी इतका मोठा श्वास सोडला की मला तो चांगल्या कानाने स्वच्छ ऐकू आला. म्हणाल्या, "कधीतरी काय, सगळेच. आमचे रोज मारायचे. कधीतरी म्हणजे ठीक आहे मग." माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्या उठल्या आणि चढण उतरून गेल्या. माझी कळशी भरून वाहत होती. मी काकडी तिथेच बसून खाल्ली. अख्खी खाल्ली, हे मला अजून सहन होत नाही.

नंदाकाकी आली ती पत्र्याची एक ट्रंक, दोन खणांचा डबा आणि तोंडात एक शब्द घेऊन. झकास. तिला सगळं झकास वाटायचं. आमची चढण झकास, गुंफांतला गारवा झकास, आईने केलेली कुळथाची पिठी झकास, मी झकास. मुलुंडच्या तिच्या चाळीत पोरं असंच बोलत. पहिल्या आठवड्यात आई दचकून तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकायची. काकी हसायची आणि म्हणायची, "वहिनी, तुमच्या मीठमोहऱ्या पण झकास." बावीस वर्षांची होती. मला ती वेण्या घालून द्यायची आणि घालताना माझा डावा कान हळूच केसांखाली झाकायची. कसा झाला ते तिने एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात विचारायची गरज उरली नाही.

कारण काका बोरिवलीला गेलाच नाही. खोली दुसऱ्या कुणाला गेली म्हणे, किंवा त्याने बघितलीच नव्हती. घरात फुकट रांधणाऱ्या आता दोन होत्या, त्याला कुठे जायचं होतं? ते दार आता दोघांचं झालं, आणि दाराच्या अलीकडे आम्ही तिघं. मी जे 'कधीतरी' म्हटलं होतं ते आता रोज माझ्या उजव्या कानाने ऐकायची. आधी बोलणं, मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग काकीचा श्वास. ओरडायची नाही ती. एकदा सकाळी तिच्या कपाळाला टेंगूळ होतं, एकदा वरचा ओठ फाटलेला. एकदा तिला चार दिवस डावा हात वर नेता येत नव्हता आणि आम्ही तिघांनी ते पाहिलं आणि तिला हलकी कामं दिली. बाबा बाहेर पायरीवर जाऊन बसत. आई म्हणायची, नव्याचे नऊ दिवस तसे जुन्याचेही दिवस जातात. मी एकदा बोलायला गेले तर तिने माझा दंड असा पकडला की वळ उठला. "तू गप ऱ्हव," ती म्हणाली. "तो गेलो तर जेवशीत काय?" वर्ष सरत आलं तेव्हा काकीच्या तोंडून झकास कमी झालं होतं. ती 'बरं' म्हणायला लागली होती. मला त्या मारापेक्षा त्याने जास्त धडकी भरली.

तो रविवार होता, दुपारचं जेवण. काकीने कोंबडी-वडे केले होते. सकाळपासून पाट्यावर वाटण वाटत बसली होती, नारळ भाजल्याचा वास पार नळापर्यंत गेला होता. काका दुसऱ्या घासाला नेहमीप्रमाणे म्हणाला, बरं झालंय. मी म्हटलं बरं झालंय. आणि बाबा, जे त्या घरात आयुष्यभर ताटाकडे बघून जेवले, त्यांनी वडा रश्शात बुडवला, खाल्ला आणि मान वर करून म्हणाले, "नंदा, चांगलं झालंय हां. खरंच चांगलं झालंय."

काकीचा चेहरा उजळला. एवढंच झालं. त्या चेहऱ्याकडे काकाने बघितलं, मग बाबांकडे बघितलं. आवाज न चढवता विचारलं, "कोणाला रे चांगलं म्हणतोस?" बाबा म्हणाले, कोंबडीला. काका म्हणाला, "इतकी वर्षं वहिनीचं खाल्लंस, तिला कधी म्हणाला नाहीस. हिलाच बरं चांगलं." बाबांनी घास खाली ठेवला. मला वाटलं आता बाबांना मारणार. पण तो वाकला, रश्शाचं वाफाळतं पातेलं फडक्याने धरून उचललं आणि समोर वाढायला बसलेल्या काकीच्या मानेवर ओतलं.

त्या दिवशी ती ओरडली. तसा आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकला नाही. ती मोरीकडे सरपटत निघाली, पाण्याकडे, आणि त्याने तिची वेणी धरून तिला मागे ओढलं. वेणी जमिनीला दाबून धरली, उजव्या हाताने, आणि अर्ध्या करंगळीच्या डाव्या हाताने तिच्या तोंडावर मारत सुटला. एक, आणि एक, आणि एक. प्रेसवर बसल्यासारखा, त्याच संथपणे. तिच्या मानेवरची कातडी सुटत होती. आई भिंतीला पाठ लावून "पुरे, पुरे" म्हणत होती. बाबा उभे होते. पाटा माझ्या मागेच होता, अजून वाटणाने ओला. मी वरवंटा उचलला. तो हातातून निसटत होता, म्हणून दोन्ही हातांनी धरला, डोक्यावर नेला आणि जमिनीवर वेणी दाबून धरलेल्या त्या हातावर आणला. हाडांचा आवाज झाला. काकाने माझ्याकडे पाहिलं, त्याला काय झालं ते कळलं नव्हतं. मी परत उचलला आणि परत मारला. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, वेणी सुटली होती. तरी मारला. खोटं कशाला सांगू, तिसऱ्यांदाही मारला असता, बाबांनी मला मागून मिठी घातली म्हणून राहिला. मग काका ओरडायला लागला आणि त्याचं ओरडणं ऐकून चाळ धावत आली. काकीचं ऐकून एक माणूस आलं नव्हतं.

दोघांनाही एकाच रिक्षातून हॉस्पिटलला नेलं, कारण तेव्हा दुसरी मिळाली नाही. भाजलेल्या बाईची नोंद पोलिसांकडे जाते, त्यामुळे संध्याकाळी हवालदार आला. काकी पालथी पडलेली, मानेपासून पाठीपर्यंत पांढरं औषध लावलेलं. आईने सांगायला सुरुवात केली की पातेलं उतरवताना सांडलं. हवालदाराने वहीत तसं लिहिलं. मग रीत म्हणून विचारलं, नवरा कसा आहे? आई म्हणाली, "तसो बरो आसा." हवालदाराने तेही लिहायला घेतलं. तेवढ्यात मुलुंडहून काकीची आई आली. तीच पिशवी होती हातात. तिने मुलीची पाठ पाहिली, खाटेचा दांडा धरला आणि मग मान वर केली तर समोर मी. तिने मला ओळखलं. नळावरच्या त्या दिवसानंतर मी तिच्यासमोर कधी आले नव्हते. लग्नात ताप आल्याचं सोंग करून घरी राहिले होते, आणि ती आमच्याकडे आली की मी मैत्रिणीकडे पळायचे.

"तू त्याच घरातली?" ती म्हणाली. "तुझ्या कानात तेव्हा कापूस होता."

मी मान हलवली.

"तो त्यानेच केला होता ना?"

मी पुन्हा मान हलवली. मला वाटलं ती मला मारेल, आणि मला ते हवं होतं. तिने खाटेचा दांडा सोडला. मग म्हणाली, "मला तेव्हा दिसत होता गं तो कापूस. समोर दिसत होता. मी पुढचं विचारलंच नाही." आणि खाली फरशीवर बसली.

मी हवालदाराला म्हटलं, लिहिलंय ते खोडा. तो म्हणाला, काय? मी म्हटलं, "तो मारतो. रोज मारतो. हिला मारतो, मला मारतो, आईला मारतो, बाबांना मारतो. आज रस्सा ओतला. तो वाईट आहे." हा शेवटचा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा घरच्या माणसासाठी वापरत होते. तोंडात तो परका लागला, पण लागला. आईने सगळ्यांसमोर माझ्या मुस्काटात मारली, उजव्या बाजूला. उशीत तोंड खुपसलेली काकी म्हणाली, "रोज." बाकी काही नाही, रोज. हवालदाराने उसासा टाकून नवं पान काढलं.

त्याचं पुढे काय झालं याची मोठी कहाणी नाही. काका काही दिवस आत होता, मग सुटला. उजवा हात वाकडा जुळला, पत्रा धरता येईना, प्रेस गेली. तो गावी निघून गेला आणि तिकडेच मेला. काकी हॉस्पिटलातून सरळ मुलुंडला गेली, आमच्या घरात परत आली नाही. तिची ट्रंक बाबा डोक्यावरून पोचवून आले. आतली खोली मला मिळाली. दाराला कडी होती. मी ती कधी लावली नाही, आतमध्ये बसवेना. आई माझ्याशी पावसाळाभर बोलली नाही. बाबांना वॉचमनची नोकरी लागेपर्यंत आम्ही पेज पिऊन होतो, आणि पेज वाढताना ती दर वेळी मला आठवण करून द्यायची की हे कुणामुळे. तिचं चुकलं असं मी आज छातीठोक म्हणू शकत नाही. भूक लागायची. जराशी नाही, खूप लागायची.

पुढे शिक्षिका झाले. प्रगतिपुस्तकात शेरे लिहायचे असत. बरा, ठीक, साधारण, समाधानकारक, यातला एक निवडा. मी एकही वापरला नाही, मुख्याध्यापिकांनी दोनदा समज दिली तरी. प्रत्येक मुलाचं एक वाक्य लिहायचे. 'हिचं अक्षर सुंदर आहे पण ही घाबरलेली असते, घरी विचारा.' असली वाक्यं. काकीकडे अजून दर दिवाळीला जाते. तिने पोळी-भाजीचं केंद्र काढलं, ते चाललं. मानेवरचा डाग ती पदराने झाकत नाही. एका दिवाळीला मी धीर करून म्हटलं, मला सगळं माहीत असून मी बरे म्हटलं होतं. ती करंजीची कातण फिरवत होती. म्हणाली, "माहितीय मला. आईने मरताना सांगितलं. तू पोर होतीस. पण विजू, परत कुणी विचारलं ना, तर त्यांनी पुढचं विचारायची वाट बघू नकोस."

परत कुणी विचारणार आहे, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी निखिल एका मुलीला घरी घेऊन आला होता. छान होती, मला आवडली. तिसऱ्यांदा आली तेव्हा सोफ्यावर ती डाव्या कानावर हात धरून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही काकू, ठीक आहे." मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. त्या रात्री त्याला विचारलं, तो म्हणाला एकदाच झालं, रागात. मी डॉक्टरकडे नेलं, दोनदा गेला, मग बंद केलं. ती मुलगी पुन्हा आली नाही. आमच्या सोसायटीत विचाराल तर निखिलबद्दल सगळे चांगलंच सांगतील. लिफ्टमध्ये म्हाताऱ्यांच्या पिशव्या धरतो. माझा मुलगा आहे, माझा जीव आहे त्याच्यावर, हेही लिहून ठेवते.

मागच्या रविवारी घाटकोपरहून एक बाई आल्या. मुलीची आई. स्थळ साइटवरून जुळलं होतं, मुलगा-मुलगी चार वेळा भेटले होते, साखरपुड्याची तारीख धरायची होती. आदल्या दिवशी मी निखिलला सांगितलं होतं की त्यांनी विचारलं तर मी खरं सांगेन, आणि नाही विचारलं तरी सांगेन. तो हसला होता. त्याला वाटलं, आई आहे, सांगणार नाही. बाईंना मी पोहे दिले, चहा दिला. त्या म्हणाल्या, पोहे छान झालेत. खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "मुलगा तर आम्हाला पसंतच आहे. तुम्ही आई, तुम्हाला विचारायचं म्हणून विचारते. तसा कसा आहे?"

निखिल आतल्या दारात उभा होता. मी उजवा कान त्यांच्याकडे केला होता, मान सरळ केली आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "तो हात उचलतो," मी म्हटलं.

चहाचा कप बशीवर वाजला. त्या दाराकडे बघून कसंनुसं हसल्या, मग माझा हात दाबून हळू म्हणाल्या, "अहो, आजकाल टेन्शन किती असतं. थोडे रागीट सगळेच असतात."

"थोडा नाही," मी म्हटलं.